अमोनाइटच्या शंखावरचे कंगोरे मध्येच वाकडे का?

वाशीच्या प्रदर्शनात घेतलेला अमोनाइट (नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा वेटोळा, दगड झालेला शंख) एका जागी वेडावाकडा आहे, एवढ्यावरून तो बनावट ठरत नाही. शंख वाढतो तो तोंडाशी, प्राण्याच्या मऊ आवरणाच्या कडेतून. खेकड्याने किंवा माशाने शंखाची तोंडाकडची कड फोडली की प्राणी ती सांधतो; तिथे खडबडीत ओळ उरते आणि पुढचे कंगोरे पुन्हा सुरळीत येतात. आवरणच फाटलं असेल तर मात्र व्रण पुढे वेटोळ्याभर चालत जातो. भिंगाखाली हे बघाच, मजा येते! जिवंतपणी एका बाजूला कालवं चिकटली तर वेटोळं कलतं. परजीवींचाही हात असू शकतो. अख्खा शंखच लंबगोल असेल तर तो बहुधा गाडला गेल्यावर खडकाच्या दाबाने चेपलाय. आणि नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगरात असे शंख शोधू नका, तो सगळा थिजलेला लाव्हा. कच्छला जा.