आमच्या बुद्धिबळ क्लबचा संघ पहिल्यांदाच लीग खेळणार आहे. कर्णधार म्हणून तयारी कशी करू?

तुम्ही लिहिलंय की सामने सहा पटांचे आहेत (म्हणजे एका सामन्यात दोन्ही संघांचे सहा-सहा जण एकेका पटावर बसतात, सर्वांत तगडा पहिल्या पटावर), तुमच्याकडे दोन खेळाडू तगडे आहेत, बाकीचे बेताचे, आणि सगळ्यांकडून ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) घोटून घ्यावीत की दुसरं काही करावं हे सुचत नाहीये. क्लबातल्या अकरा वर्षांच्या मुलीला संघात घ्यावं का, हेही विचारलंय. मी बरेच हंगाम क्लबच्या संघाचा कर्णधार होतो, त्या अनुभवावरून सांगतो.

ओपनिंगचं तूर्त राहू द्या. आधी साधा हिशेब मांडा: डाव जिंकला की एक गुण, बरोबरीला अर्धा. तुमचे दोघं तगडे खेळाडू प्रत्येक वेळी जिंकले तरी हातात दोनच गुण पडतात. सामना जिंकायला साडेतीन लागतात. उरलेला दीड गुण त्या चार बेताच्या माणसांनी आणायचा आहे. शिवाय वरच्या दोन पटांवर समोरच्या क्लबचेही तगडेच बसणार, म्हणजे तिथून दोन गुण मिळतीलच असं धरून चालता येत नाही. लीगचा निकाल बहुतेक वेळा खाली लागतो, चौथ्या-पाचव्या-सहाव्या पटावर, जिथे कुणी प्रेक्षक फिरकतही नाही.

हे फक्त क्लबांपुरतं नाही. २०२४च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये (देशांच्या संघांच्या जागतिक स्पर्धेत) भारतानं खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकलं, तेव्हा पहिल्या पटावर गुकेशनं १० डावांत ९ गुण केले ते सगळ्यांच्या लक्षात आहे. पण तिसऱ्या पटावर अर्जुन एरिगैसीनं ११ डावांत १० गुण केले. महिला संघात तिसऱ्या पटावर दिव्या देशमुखनं ११ पैकी साडेनऊ, तर चौथ्या पटावर वंतिका अगरवालनं ९ पैकी साडेसात. चार पटांच्या सामन्यात तिसरा-चौथा पट म्हणजे खालचाच. वर गुकेशसारखा खेळाडू असूनही संघाला खालून एवढी आवक लागते, तर तुमच्या दोघांवर किती भार टाकणार?

आता हजेरी. क्लबच्या संघांचे गुण सर्वांत जास्त कुठे जातात, तर रिकाम्या खुर्चीवर. इलो पद्धतीत (खेळाडूची ताकद रेटिंगच्या आकड्यात मांडायच्या पद्धतीत) १०० गुणांचं रेटिंग जास्त असलेल्या खेळाडूकडून एका डावात सरासरी ०.६४ गुणांची अपेक्षा असते. समजा तुमचा संघ प्रत्येक पटावर समोरच्यांपेक्षा १०० नं वरचढ आहे. सहा पटांवर अपेक्षित निकाल ३.८४ विरुद्ध २.१६. आता तुमचा एक जण आलाच नाही आणि त्या पटावर समोरच्याला पुढे चाल मिळाली. पाच पटांवर तुमचे ३.२ आणि त्यांचे १.८ अधिक १, म्हणजे २.८. प्रत्येक पटावर शंभर गुणांची आघाडी होती, ती एका गैरहजेरीत जवळजवळ पुसली गेली. एवढं नुकसान कुठलीही ओपनिंग भरून काढत नाही. म्हणून पहिलं काम हे: हंगामाच्या सगळ्या तारखा हातात आल्या की प्रत्येकाला समोर बसवून कुठल्या तारखांना जमणार नाही ते लिहून घ्या. 'बघू, जमवतो' हे उत्तर 'नाही' असं धरा. सहा पटांसाठी निदान नऊ-दहा माणसं यादीत ठेवा, आणि राखीव खेळाडूंना नुसतं राखीव ठेवू नका, हंगामाच्या सुरुवातीलाच एखादा सामना द्या. महिनोन्महिने बाहेर बसलेला माणूस ऐनवेळी बोलावल्यावर येतो खरा, पण मनानं येत नाही.

गैरहजेरीचा आणखी एक परिणाम आहे, तो नवीन कर्णधारांच्या पटकन लक्षात येत नाही. सांघिक सामन्यात रंग पटागणिक आलटून-पालटून असतो: एका संघाला १, ३, ५ या पटांवर पांढरी, तर दुसऱ्याला २, ४, ६ वर. समजा तुमचा दुसऱ्या पटाचा खेळाडू दोन दिवस आधी नाही म्हणाला. राखीव खेळाडू सहसा तळाला येतो, त्यामुळे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे सगळे एकेक पट वर सरकतात. प्रत्येकाला आधीपेक्षा थोडा वरचढ प्रतिस्पर्धी मिळतो, आणि चौघांचेही रंग उलटतात. तिसऱ्या पटावर पांढऱ्यानं खेळायची तयारी करून आलेला माणूस दुसऱ्या पटावर काळी घेऊन बसतो. तेव्हा उशिरा नाही म्हणणारा एकट्याचं नुकसान करत नाही, हे संघाला पहिल्याच बैठकीत कागदावर काढून दाखवा. (उपदेशापेक्षा हा कागद जास्त काम करतो.) उलट रोजचेच सहा जण रोजच्याच क्रमानं खेळत असतील आणि पांढरी कुणाला हे लीगमध्ये यजमान-पाहुण्यांवरून ठरत असेल, तर आपला रंग प्रत्येकाला कितीतरी आठवडे आधी कळतो. मग ओपनिंगच्या तयारीला काही अर्थ राहतो.

काही कर्णधार मुद्दाम कच्चा खेळाडू पहिल्या पटावर बळी देतात आणि बाकीच्यांना एकेक पट खाली आणतात. बऱ्याच लीग हे रेटिंगच्या क्रमाची अट घालून रोखतात. तुमच्याकडे मुभा असली तरी मी ते करणार नाही. त्या बिचाऱ्याला हंगामभर मार खायला कोण तयार होईल?

गुणांची पद्धत मात्र नीट वाचा, कारण बरोबरी कधी घ्यायची हे त्यावर ठरतं. काही लीग डावांचे गुण मोजतात, काही सामन्यांचे: विजयाला २, बरोबरीला १. ऑलिंपियाडमध्येही २००६पर्यंत डावांच्या गुणांवर क्रमवारी लागायची, २००८पासून सामन्यांच्या गुणांवर लागते. फरक केवढा पडतो बघा. चार पटांच्या स्पर्धेत एक संघ ४-० नं जिंकला आणि पुढचा सामना दीड-अडीचनं हरला: डावांचे साडेपाच, सामन्याचे २. दुसरा संघ दोनदा जेमतेम अडीच-दीडनं जिंकला: डावांचे ५, सामन्याचे ४. कोण पुढे, ते मोजण्याच्या पद्धतीवर.

सामन्याचे गुण असतील तर शेवटच्या तासात पटावरची स्थिती आणि गुणफलकावरची स्थिती या दोन वेगळ्या गोष्टी होतात. तुम्ही ३-२ नं पुढे आहात, एकच डाव उरलाय आणि तुमच्या खेळाडूची बाजू किंचित सरस आहे. समोरच्यानं बरोबरी देऊ केली तर घ्यायची, वाद नको, साडेतीन झाले. पण तुम्ही २-३ नं मागे असाल तर तीच बरोबरी आणि हार यांत काडीचा फरक नाही. तिथे हत्ती-प्याद्यांचं कोरडं एंडिंग असलं तरी खेळत राहायचं, आणि त्यात त्या खेळाडूचं रेटिंग गेलं तर गेलं. हे कुणाला मान्य आहे आणि कुणाला नाही, ते हंगाम सुरू होण्याआधीच विचारून घ्या. आपल्या रेटिंगला जीव की प्राण मानणारे लोक असतात. मला त्यांचा राग येत नाही, पण शेवटपर्यंत चालणारा डाव त्यांच्याकडे असला की मला धाकधूक वाटायची.

सराव कसा करायचा? बहुतेक क्लबांत जमलेली मंडळी ब्लिट्झ (काही मिनिटांचे झटपट डाव) खेळतात आणि मग लीगमध्ये दीड-दीड तासाचा डाव खेळायला बसतात. पाचव्या-सहाव्या पटावरचे डाव मी वर्षानुवर्षं पाहिलेत. तिथे ओपनिंगमध्ये कुणी फारसं मरत नाही. तीस-पस्तीस चालींनंतर, बरोबरीच्या स्थितीत, घड्याळात भरपूर वेळ शिल्लक असताना घाईनं खेळलेल्या चालीवर डाव जातात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी लीगच्याच वेळेच्या नियमांनी, चाली लिहून, पूर्ण डाव खेळवा. इन्क्रिमेंट (प्रत्येक चालीमागे मिळणारा जादा वेळ) आहे का, किती आहे, हे आधी बघा. ते ३० सेकंदांचं किंवा जास्त असेल तर फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या) नियमांप्रमाणे घड्याळात पाच मिनिटांपेक्षा कमी उरली तरी चाली लिहिणं थांबवता येत नाही, आणि ज्यांना याची सवय नसते ते ऐन अडचणीत गडबडतात. फोनबद्दलचा लीगचा नियम सर्वांना मोठ्यानं वाचून दाखवा. त्यावरून डाव गमावण्यासारखं दुःख नाही. उशिरा येण्याची मुभा किती, तेही. फिडेच्या नियमांत आयोजकांनी काही ठरवलं नसेल तर ती शून्य मिनिटं असते.

आता ती मुलगी. घ्या, जरूर घ्या. फिडेच्या रेटिंगमध्ये १८ वर्षांखालच्या आणि २३००च्या आतल्या खेळाडूंचा के-गुणक (एका निकालानं रेटिंग किती हलेल ते ठरवणारा आकडा) मोठा, म्हणजे ४० ठेवलाय तो एवढ्यासाठीच, की मुलं रेटिंगपेक्षा भराभर पुढे जातात. एवढं असूनही शिकणाऱ्या मुलाचं रेटिंग मागेच रेंगाळतं. म्हणजे कागदावर ती सहाव्या पटाची, आणि खेळात कदाचित चौथ्या. खालच्या पटावर असा खेळाडू हाताशी असणं हीच तर तुमची गरज आहे. फक्त एक गोष्ट तिला नीट शिकवा. मोठी माणसं लहान मुलांविरुद्ध अडचणीत आली की हसून बरोबरी देऊ करतात, आणि मुलं भिडेखातर घेतात. तिला सांगा की लगेच उत्तर द्यायचं नाही, आधी कर्णधाराला विचारायचं. फिडेच्या नियमांत याला मुभा आहे, तुमच्या लीगच्या नियमावलीत तेवढं तपासून घ्या. तुम्हाला मात्र पटावरच्या स्थितीबद्दल चकार शब्द काढता येत नाही, आणि बोलणं पंचांसमोर व्हायला हवं. उत्तरं तीनच चालतात: हो, नाही, किंवा तू ठरव. फलकावर तुम्ही मागे नसाल, तर तिला बहुतेक वेळा तिसरं द्या.