डार्सीला सुळे फुटण्याआधी

स्वागत! अभिजात कादंबऱ्यांवर बेतलेल्या व्हॅम्पायर (रक्तपिपासू) प्रेमकथांची मोठी यादी मागितलीत, पण सुरुवातीला दोन पुस्तकं पुरेत.

आधी मूळ कादंबरी वाचा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३) न वाचता थेट अमांडा ग्रेंजच्या ‘मिस्टर डार्सी, व्हॅम्पायर’ला (२००९) हात घालणं ही नवख्यांची नेहमीची चूक. ते सुरूच होतं लग्नापासून. नायक डार्सीचा मूळचा तुसडेपणा ठाऊक असेल, तरच लग्नानंतरच्या त्याच्या अंतर राखण्यात गंमत येते. सिनेमा पाहिलाय म्हणून भागत नाही बरं का. ऑस्टिनबाईंचे चिमटे पानावरच बसतात.

मग हवं तर ‘जेन स्लेअर’ (२०१०), म्हणजे ‘जेन एअर’ कादंबरीचं व्हॅम्पायर-विडंबन. इथे जेनला छळणारी मामी आणि मामेभावंडंच रक्तपिपासू! (मला हे अजिबात खोटं वाटलं नाही.)

आणखी दोन चुका टाळा:
- विडंबनाकडून हळव्या प्रेमाची अपेक्षा. आधी मलपृष्ठ वाचा.
- ‘ड्रॅक्युला’पासून (१८९७) सुरुवात. तो भयकथेचा प्रांत. अगदीच जुनं हवं असेल तर ‘कार्मिला’ (१८७२) ही व्हॅम्पायरकथा घ्या, छोटी आहे.

पन्नासेक पानांत जोडी आवडली नाही, तर खुशाल सोडून द्या.