‘पुनर्चक्रित उत्प्रेरक’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: वनस्पतींतल्या सेल्युलोजपासून उपयोगी रसायनं बनवण्याविषयीचा लेख मराठीत आणताना ‘रिसायकलेबल कॅटॅलिस्ट’ला ‘पुनर्चक्रित उत्प्रेरक’ आणि सेल्युलोजला ‘काष्ठतंतू’ म्हटलं, तर चालेल का?

‘उत्प्रेरक’ (रासायनिक क्रियेला वेग देणारा, पण स्वतः न संपणारा पदार्थ) रुळलेला शब्द आहे, त्याला हात लावू नका. घोळ ‘पुनर्चक्रित’चा आहे, आणि तो दुहेरी आहे.

आधी संधी. ‘पुनः’पुढे मृदू व्यंजन आलं की विसर्गाचा र् होतो: पुनर्जन्म, पुनर्विवाह. पुढे ‘च’ आला तर श्. टिळकांचं १८९९ सालचं ‘पुनश्च हरिः ॐ’ आठवा. तेव्हा ‘पुनश्चक्रित’ हवं. (‘पुनर्प्रक्रिया’सुद्धा चूकच, तिथे विसर्ग तसाच राहतो. पण वर्तमानपत्रांपुढे कोण शहाणपण करणार!)

शुद्धलेखन सुधारलं तरी अर्थ काही सुधरत नाही. पुनश्चक्रित कागद म्हणजे रद्दीचा लगदा करून नव्याने बनवलेला. उत्प्रेरकाचा असा लगदा कुणी करत नाही. १८१९ साली ब्राकोनो या फ्रेंच रसायनज्ञाने गंधकाम्लाने लिननच्या चिंध्यांची साखर केली होती. या रीतीत आम्ल हाच उत्प्रेरक, पण शेवटी ते चुन्याने मारतात, त्याचं जिप्सम होतं. आम्ल गेलं ते गेलं. आता उसाच्या चिपाडातल्या सेल्युलोजपासून ग्लुकोज, पुढे लेव्ह्युलिनिक आम्ल (इतर रसायनांचा कच्चा माल) करायला घन उत्प्रेरकही वापरून पाहतात. काहींत लोखंडाचं चुंबकीय ऑक्साइड असतं. काम झालं की भांड्याला बाहेरून लोहचुंबक लावायचा. काळी पूड काचेशी गोळा होते. द्राव ओतून घ्यायचा, पूड धुवायची, सुकवायची आणि पुढच्या घाण्याला घालायची. पूड तीच. मग हा सरळसरळ ‘पुनर्वापर’ झाला. ‘व’ मृदू, त्यामुळे र् ही बरोबर. ‘वापर’ संस्कृत नाही म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं. मी शीर्षकात ‘पुनर्वापरयोग्य उत्प्रेरक’ लिहीन, आत मजकुरात ‘पुन्हा वापरता येणारा’.

राहता राहिले ‘काष्ठतंतू’. कापसात ९० टक्क्यांच्या आसपास सेल्युलोज असतं, आणि काष्ठ नावालाही नसतं. काष्ठ हा शब्द द्यायचाच तर लाकडाला कठीणपणा देणाऱ्या लिग्निनला द्या, त्याचं नावच लॅटिनमधल्या लाकडावरून पडलंय. सेल्युलोजला सेल्युलोजच राहू द्या.