‘जिनिंग’मधला ‘जिन’ हा ‘इंजिन’चाच तुकडा आहे का? आणि इंजिन, मशीन, मोटर यांत फरक काय?

हो, तुकडाच आहे. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं; ते करणारं यंत्र जिन, आणि ती यंत्रं असलेला कारखानाही जिनच. जुन्या फ्रेंचमधला एकच शब्द इंग्रजीत दोन रूपांत रुजला. पूर्ण रूपाचं ‘एंजिन’ झालं, आणि बोलताना पहिलं अक्षर गळून जे उरलं ते ‘जिन’. इ.स. १२०० च्या आसपास हे आखूड रूप इंग्रजीत वापरात होतं. वाफेचं यंत्र यायला तेव्हा पाचशे वर्षं अवकाश होता.

तुमचा पहिला प्रश्न इथंच मिटतो. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘जिनमध्ये इंजिनिअरिंगसारखं काही नसतं, नुसते मजूर असतात, मग हे नाव का पडलं?’ ते वाचून मला राहवलं नाही. माझे बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका जिनात आयुष्यभर फिटर होते आणि मी इंग्रजी शिकवते. हा शब्द मी दोन्ही बाजूंनी ओळखते.

मूळ लॅटिन शब्द ‘इंगेनियुम’. त्याचा अर्थ यंत्र नाही. त्यातला धातू आपल्या ‘जन्’चा सगोत्र, ज्यापासून जन्म, जनक हे शब्द झाले. माणसाच्या आत जन्मतःच असतं ते इंगेनियुम. मराठीत याला नेमका शब्द आहे, ‘उपजत’. उपजत बुद्धी, हुशारी, युक्ती. चौदाव्या शतकातला कवी चॉसर माणसाच्या मनाच्या तीन शक्ती मोजतो: स्मृती, ‘एंजिन’ आणि बुद्धी. तिथं लोखंडाचा तुकडाही नाही. पुढे युक्ती काढणाऱ्या डोक्याचं नाव त्या डोक्यातून निघालेल्या वस्तूला लागलं. किल्ल्याच्या तटावर धोंडे फेकणारं यंत्र ते एंजिन. रानातले ससे धरायचा सापळा तो जिन. लोखंडी जबड्याचा ‘जिन ट्रॅप’ इंग्लंडमध्ये १९५८ साली कायद्याने बंद होईपर्यंत वापरात होता. खाणीतून कोळसा वर ओढायला घोडा गोल फिरवायचे, तो रहाटही जिन. स्पॅनिशमध्ये तर ‘इन्हेनियो’ म्हणजे हुशारी, आणि साखर कारखान्यालाही तोच शब्द.

वाफेच्या यंत्राला हे नाव बरंच उशिरा मिळालं. खाणीतलं पाणी उपसणारं न्यूकमनचं १७१२ चं यंत्र ‘फायर एंजिन’ म्हणून ओळखलं जाई. जेम्स वॉटच्या १७६९ च्या पेटंटातही शब्द ‘फायर एंजिन’ हाच आहे. तो आगीचा बंब नव्हे, आगीवर चालणारं यंत्र. पुढे चार्ल्स बॅबेजने आकडेमोडीच्या यंत्रांना ‘डिफरन्स एंजिन’ आणि ‘ॲनालिटिकल एंजिन’ अशी नावं दिली. आपण ‘सर्च इंजिन’ म्हणतो तेव्हा त्यात ना धूर असतो ना चाक, तरी शब्द चपखल बसतो, कारण तो मुळात डोक्याचाच आहे.

आता कापसाकडे. पाठ्यपुस्तकात एली व्हिटनीने जिनचा शोध लावला असं असतं. १७९४ साली अमेरिकेत पेटंट त्याने घेतलं हे खरं. त्याच्या दातेरी जिनमुळे आखूड धाग्याच्या कापसाची सरकी झपाट्याने निघू लागली, दक्षिणेकडच्या राज्यांत कापूस पसरला आणि त्याच्याबरोबर गुलामीही पसरली. पण शोध त्याचा म्हणणं मला मान्य नाही. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांत लाटण्यासारख्या एका रुळाखाली सरकी काढतानाचं चित्र अभ्यासकांनी दाखवून दिलंय. दोन लाकडी रूळ एकमेकांवर फिरवणारा हातचरखा (सूत कातायचा नव्हे, सरकी काढायचा) आपल्याकडे शतकानुशतकं चालत होता. आणि विदर्भातली बहुतेक जिनं व्हिटनीच्या जातीची नाहीतच. १८४० साली मॅकार्थी नावाच्या अमेरिकनाने चामड्याचा रूळ आणि पाती यांची जोडी जमवली. आपली डबल रोलर, ज्याला सगळे ‘डीआर’ म्हणतात, ती तिच्या वंशातली. चामड्याच्या खरखरीत रोलरला कापसाचा धागा चिकटतो, स्थिर पातीखालून ओढला जातो, सरकी मात्र त्या फटीतून जात नाही. हलती पाती तिला वरचेवर टोले देते, आणि धागे सुटलेली सरकी जाळीतून खाली पडते. धागा न तोडता, सरकी न फोडता हे झालं पाहिजे. ज्याला यात इंजिनिअरिंग दिसत नाही त्याने जिन नीट पाहिलेलं नाही.

बाबा नोकरीला लागले तेव्हा त्यांच्या जिनात वेगळी इंजिनखोली होती. तिथं एकच मोठं ऑईल इंजिन. तिथून भिंतीतून आरपार लाईनशाफ्ट, म्हणजे फिरणारा लांब दांडा, आणि शाफ्टवरून प्रत्येक जिनला पट्टा. भिंतीच्या अलीकडे शब्दाचं पूर्ण रूप, पलीकडे आखूड रूप, आणि दोन्ही एकाच पट्ट्याने बांधलेली. इंग्रजीत आठेकशे वर्षांपूर्वी दुभंगलेला शब्द आमच्या गावात एका छपराखाली नांदत होता. हे मला एम.ए.ला असताना कळलं आणि त्या दिवशी मी घरी जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘मंग बरोबरच हाये. बिनडोक्याचं हे काम नाही.’

त्यांच्या कामाचा एक प्रसंग सांगते, कारण तो मी समोर पाहिलाय. मी शाळेत होते. दिवाळीनंतरचा भरात आलेला हंगाम, बैलगाड्या जिनाच्या फाटकापासून रस्त्यापर्यंत. अचानक रुईत फुटकी सरकी यायला लागली. व्यापारी मूठभर रुई उचलायचा, उजेडाकडे धरायचा आणि भाव पाडायचा. मालकांनी यंत्र बनवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. पदवीधर, सभ्य, कामसू माणूस होता, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मशिनी बंद करायला लावल्या, दोन्ही पात्यांमधलं अंतर गेजने मोजलं, माप पुस्तकाप्रमाणे निघालं. मग त्याने ठरवलं की रोलर झिजलेत, सगळे बदला. म्हणजे ऐन हंगामात जिन बंद, आणि गाडीवाल्यांनी कापूस तसाच दुसऱ्या गावाला न्यायचा.

बाबा म्हणाले, मला रात्रभर द्या. मी डबा घेऊन गेले होते आणि घरी जायचं सोडून तिथंच पोत्यांवर बसले. ते कशालाच हात लावत नव्हते. चालू मशिनींच्या रांगेतून नुसते फिरत होते. प्रत्येकीपाशी थांबायचे, कान द्यायचे, पुढे जायचे. मध्येच मला म्हणाले, ‘आधी आवाज आयक, मंग हात लाव.’ मला सगळा एकच खडखडाट ऐकू येत होता. त्यांनी मात्र खडूने काही मशिनींवर फुल्या मारल्या. मग त्या बंद करून हलत्या पातीची दांडी हाताने मागेपुढे ओढून दाखवली. दांडी हलत होती, जितकी हलायला नको तितकी. कनेक्टिंग रॉडचे बुश, म्हणजे सांध्यातल्या धातूच्या नळ्या, झिजले होते. मशीन थांबलेली असताना पाती आपल्या जागी दिसायची, म्हणून गेज खोटं ठरत नव्हतं. वेगात आली की बुशातल्या ढिलाईमुळे तीच पाती थोडी पुढे झेपावायची आणि सरकी चिरडायची. ‘मशीन बंद असली का खोटं बोलते,’ हे बाबांचं वाक्य. रोलरला काही झालं नव्हतं. गावातल्या लेथवाल्याला उठवून त्यांनी गनमेटलचे बुश उतरवून घेतले, बसवले, पात्यांची सेटिंग पुन्हा केली. सकाळी रुई स्वच्छ.

आता जे सांगायचं आहे ते. माझ्या लग्नाचा बायोडेटा मी स्वतः लिहिला होता. वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘जिनिंग इंजिनिअर’ लिहिलं. माझे एक आतेभाऊ सरकारी खात्यात अभियंता आहेत, मोठे म्हणून आत्याने तो कागद त्यांना दाखवला. त्यांनी लाल पेनने तो शब्द खोडला आणि वर लिहिलं, ‘खाजगी नोकरी’. म्हणाले, ‘डिग्री नसताना इंजिनिअर लिहिणं म्हणजे फसवणूक आहे. मुलाकडच्यांना कळलं तर आपलंच नाक कापलं जाईल.’ बाबा तिथंच बसले होते. आई चहा आणायला आत गेली ती बाहेरच आली नाही. मी दादांना तेव्हाही सांगितलं आणि आजही सांगते, खोडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

इंजिनिअर हा शब्द पदवीतून आलेला नाही. आधी तो युद्धाची यंत्रं बांधणाऱ्याचा होता. जॉन स्मीटनने अठराव्या शतकात स्वतःला ‘सिव्हिल’ इंजिनिअर म्हणवून घेतलं ते लष्करातल्यांपासून वेगळं दाखवायला, आणि त्याचं शिक्षण मोजमापाची उपकरणं बनवण्यातलं. रेल्वेचा जनक म्हणतात त्या जॉर्ज स्टीफन्सनला वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत लिहिता-वाचता येत नव्हतं. खाणीवरची इंजिनं सांभाळत तो वर आला. १८११ साली किलिंगवर्थच्या खाणीवर पाणी उपसणारं यंत्र बिघडलं आणि ते त्याने चालतं केलं, तिथून त्याचं नाव झालं. १८४७ साली ब्रिटनमध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्स स्थापन झाली, तिचा पहिला अध्यक्ष हाच माणूस. दादांच्या लाल पेनाने त्याचंही नाव खोडलं असतं. आणि १८५१ साली तिथं ‘अमॅल्गमेटेड सोसायटी ऑफ इंजिनिअर्स’ नावाची संघटना उभी राहिली. तिचे सभासद कोण? फिटर, टर्नर, लोहार. कामगार संघटना होती ती, आणि नावात शब्द होता इंजिनिअर.

आपल्याकडे गोष्ट उलटी घडली. रुरकीला १८४७ साली कॉलेज निघालं, पुण्यात १८५४ साली वर्ग सुरू झाला, आणि ते सुरू झाले सरकारी बांधकाम खात्याला माणसं पुरवायला. म्हणजे आपल्या भाषेत हा शब्द आला तोच हुद्दा, पगार आणि साहेबाची खुर्ची बरोबर घेऊन. यंत्रावर हात काळे करणारा फिटर राहिला, कागदावर सही करणारा इंजिनिअर झाला. माझ्या मते आपल्या कारखान्यांचं यात फार नुकसान झालं, कारण कानाने बिघाड ओळखणाऱ्या माणसाला कुणी विचारत नाही आणि तो निवृत्त झाला की त्याचं ज्ञानही त्याच्याबरोबर जातं.

काही गोष्टी इथं जोडायला हव्यात. पूल, इमारत, धरण यांच्या आराखड्यावर सही करायला पदवी लागलीच पाहिजे, त्यात माझं काही म्हणणं नाही. जर्मनीत तर नावापुढे ‘इंजिनिअर’ लावण्यावर कायद्याचं बंधन आहे. शब्दाचं मूळ दाखवून कायदा बदलत नाही हेही मला कळतं. पण लग्नाचा बायोडेटा हा धरणाचा आराखडा नसतो. आणि प्यायच्या जिनचा या जिनशी काही संबंध नाही. ते नाव जुनिपरच्या फळावरून, डच भाषेतून आलं. कुणी दोन्ही एकत्र करून गोष्ट सांगितली तर विश्वास ठेवू नका.

तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग थोडक्यात. ‘मशीन’ ग्रीकमधून लॅटिनमार्गे आला, त्याचाही जुना अर्थ साधन, युक्ती असाच. ‘मोटर’ म्हणजे लॅटिनमध्ये हलवणारा. आज सर्वसाधारणपणे इंधन जाळून ताकद काढतं ते इंजिन, विजेवर फिरते ती मोटर, आणि मशीन म्हटलं की दोन्ही आली. ही रेघ पक्की नाही. मोटारगाडीत इंजिन असतं आणि कुणाचं काही अडत नाही. हल्ली जिनात प्रत्येक डीआरला स्वतःची मोटर असते, लाईनशाफ्ट गेला, इंजिनखोल्या बहुतेक ठिकाणी गोदामं झाल्या. त्यामुळे आज जिनात गेलात तर इंजिन शोधू नका. हंगाम सुरू झाला की जा, मॅनेजरच्या केबिनमध्ये बसू नका, फिटरला गाठा आणि हलत्या पातीची सेटिंग तो कशी करतो ते विचारा. नागपूरला केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संस्थेचं जिनिंगचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथंही हे सगळं शिकवतात, पण आधी फिटरकडे जा.