सरांचे तुकडे करू नकोस

प्रिय मुली,

स्मरणिकेसाठी तू आजोबांवर, म्हणजे आमच्या सरांवर, लिहिलेला मसुदा वाचला. भाषा चांगली आहे, त्याबद्दल काही बोलत नाही. पण त्यात तीन माणसं आहेत. पहिल्या परिच्छेदात गणिताचे व्यासंगी प्राध्यापक, दुसऱ्यात निष्ठावान वारकरी, तिसऱ्यात कुटुंबवत्सल आजोबा. मी ज्यांच्याकडे शिकलो आणि पुढे ज्यांच्या विभागात नोकरी केली, ते सर ह्या तिघांपैकी एकही नाहीत. शेवटी तू विचारलंस, ‘वारीचा भाग कमी करू का? कॉलेजची माणसं वाचणार, आणि मला स्वतःला देवाधर्मातलं काही कळत नाही.’ ह्यावर फोनवर बोललो असतो तर आवाज चढला असता, म्हणून लिहितो आहे.

कमी करू नकोस. वाढवूही नकोस. वेगळा काढू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे, आणि पत्र संपेपर्यंत मी तेच म्हणत राहणार आहे.

तू लहान होतीस, तुला कदाचित आठवणार नाही. काकूंना, म्हणजे तुझ्या आजीला, अर्धांगाचा झटका आला त्यानंतरची गोष्ट. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे कॅलेंडर लटकलेलं असायचं. आषाढ जवळ आला की सर ज्येष्ठ वद्य अष्टमीपासून, म्हणजे माउलींची पालखी आळंदीहून निघते त्या दिवसापासून, प्रत्येक चौकोनात बारीक पेन्सिलीनं त्या दिवसाचा मुक्काम लिहायचे. सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, असं वाखरीपर्यंत. त्याच चौकोनात, मुक्कामाच्या खाली, दोन आकडे: काकूंची उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची. महिना संपला की तळाशी सरासरी, दशांशासकट, आणि एखादा आकडा फार वर गेला असेल तर त्याभोवती गोल. डॉक्टरांकडे जाताना सर ते पानच घेऊन जायचे.

आता मला सांग, हे पान तू कुठल्या परिच्छेदात घालणार?

आत्याकडे असेल एखादं, विचार तिला. रद्दीत गेलं असेल तर निदान तिला काय आठवतं ते लिहून घे, तिच्याच शब्दांत.

वारीबद्दल तू ‘नियमित वारी करत’ असं लिहिलंस. ते खरंही नाही आणि त्यात सर दिसतही नाहीत. नोकरीत असताना त्यांनी पूर्ण वारी एकदाही केली नाही. पालखी निघते तेव्हाच कॉलेज सुरू होतं, प्रवेशांची धांदल असते, पहिल्या वर्षाची पोरं बावरलेली असतात. ‘आत्ता मी रजा टाकली तर ह्यांना मर्यादा कोण समजावणार?’ असं म्हणायचे. (गणितातली मर्यादा, म्हणजे लिमिट. तुमच्या वेळी सगळं इंग्रजीतच असेल.) पुण्याहून सासवडचा टप्पा रविवारी आला तर दिवेघाट चढून यायचे आणि सोमवारी पहिल्या तासाला फळ्यासमोर उभे. निवृत्तीनंतर मात्र आळंदी ते पंढरपूर पायी जायला लागले आणि त्या वर्षांत मी त्यांना जितकं आनंदात पाहिलं तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. मग काकू आजारी पडल्या आणि सरांनी वारी थांबवली.

वारकऱ्यासाठी वारी चुकणं म्हणजे काय, हे तू एखाद्या वारकऱ्याला समोर बसवून विचार. दिंडीतली माणसं घरी आली होती. म्हणाली, एखादी बाई ठेवा, तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे. सरांनी चहा दिला, ऐकून घेतलं, आणि गेले नाहीत. मला फक्त एवढंच म्हणाले, ‘ती उभी राहिली की दोघं जाऊ.’ काकू उभ्या राहिल्या नाहीत. सर रोज संध्याकाळी त्यांच्या पलंगाशी बसून हरिपाठ म्हणत; एकदा मी भेटायला गेलो तेव्हा एका हातात काकूंच्या औषधाचा पेला होता आणि ओठांवर हरिपाठ चालू होता. ह्यातली श्रद्धा कुठली आणि संसार कुठला, हे मला आजवर वेगळं करता आलेलं नाही. तू कशाला करतेस?

कॉलेजची माणसं काय म्हणतील ही भीती तर सोडूनच दे. महाराष्ट्राला असे प्राध्यापक नवे नाहीत. रा. द. रानडे (१८८६–१९५७) फर्ग्युसनमध्ये आणि पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवत, तिथं कुलगुरूही झाले, आणि उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून घेतलेलं नाम शेवटपर्यंत घेत राहिले. निवृत्तीनंतर निंबाळला जाऊन राहिले. १९३३ साली त्यांचा महाराष्ट्रातल्या संतांवरचा इंग्रजी ग्रंथ आला. तो अभ्यासकाचा की साधकाचा, असं विचारणंच चूक आहे. सोनोपंत दांडेकर (१८९६–१९६८) पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य आणि जोग महाराजांचे शिष्य. कीर्तनाला उभे राहताना त्यांना प्राचार्यपद घरी ठेवून यावं लागलं नाही. के. वि. बेलसरे सिद्धार्थ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवत आणि मालाडला वर्षानुवर्षं निरूपण करत. तुझे आजोबा ह्यांच्याइतके मोठे होते असं मी म्हणत नाही. त्यांची जातकुळी हीच होती, एवढं म्हणतो.

आता माझं थोडं ऐक, कारण हा हट्ट हवेतून आलेला नाही. सर निवृत्त झाले तेव्हा मी त्यांच्यावर मोठा लेख लिहिला होता. एका संस्थेच्या गौरवांकासाठी मागितला गेला होता. संपादक म्हणाले, वारी आणि घरचं काढा, शैक्षणिक कार्य तेवढं ठेवा. मी लेख परत घेतला. पुढे एका धार्मिक मासिकानं मागितला, त्यांचं उलट: गणिताचं काय घेऊन बसलात, भक्तीचं लिहा. तिथूनही परत घेतला. लोक म्हणाले, अर्धा का होईना छापून आला असता. त्याचं वाईट मला आजही वाटतं. सर हयात असताना त्यांच्यावर चार ओळी छापून आलेल्या त्यांनी वाचल्या असत्या, काकूंना वाचून दाखवल्या असत्या. ते राहून गेलं ते गेलंच. तरी मी आजही तेच करीन. अर्धे सर छापायचे म्हणजे कुणा भलत्याच माणसाला सरांचं नाव द्यायचं. सिद्धता अर्धी लिहून खाली ‘हेच सिद्ध करायचे होते’ असं लिहिणाऱ्या मुलाला सर शून्य देत. मी त्यांचाच विद्यार्थी आहे.

तुला श्रद्धा नाही, तर नसू दे. ती असल्यासारखं लिहू नकोस, आणि नाही म्हणून खुलासेही देत बसू नकोस. लेख तुझ्यावर नाही. सरांनी तुला कधी देवळात चल म्हणून आग्रह केला का? मला आठवत नाही. तुला आठवत असेल तर तो प्रसंग लिही, नसेल तर तेही लिही, कारण तेही सरच.

‘व्यासंगी’, ‘निष्ठावान’, ‘कुटुंबवत्सल’ हे तिन्ही शब्द काढून टाक. मग काय उरतं ते बघ. जिथं रिकामं वाटेल तिथं फोन उचल: आत्याला, काकूंना सांभाळायला येणाऱ्या मावशींना, विभागातल्या जुन्या शिपायाला. सर पेपर तपासताना उशिरापर्यंत थांबत आणि तो त्यांच्यासाठी थांबत असे. त्याला बरंच ठाऊक आहे आणि त्याला कुणी कधी विचारलेलं नाही. त्याचं वय झालंय, ह्याच आठवड्यात जा. पत्ता मी देतो.

दुसरा मसुदा झाला की पाठव. शब्दमर्यादेपेक्षा लांबला तर लांबू दे. स्मरणिकेवाल्यांनी काही वगळायला सांगितलं तर तू वाद घालू नकोस, माझा नंबर दे त्यांना.

तुझा,
काका