पाळून वाढवलेले हंस सोडले, तर प्रजाती वाचेल का?

लेसर व्हाइट-फ्रंटेड गूज या दुर्मीळ स्थलांतरी हंसाची पिल्ले बंदिस्त जागेत वाढवून निसर्गात सोडणे, हाच त्याला वाचवण्याचा सर्वांत सोपा उपाय नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा उपाय शेवटचा ठेवावा, कारण पिल्ले कमी पडतात हे या हंसाचे मुख्य दुखणे नाही. प्रवासात प्रौढ पक्षी मारले जातात, हे आहे.

धोक्यातील प्रजातींच्या जागतिक लाल यादीत ही प्रजाती 'असुरक्षित' गटात मोडते. तिचा पूर्वेकडचा समूह मुख्यतः चीनमधील दोंगटिंग सरोवराच्या परिसरात हिवाळा काढतो. सर्वांत बिकट अवस्था आहे ती उत्तर नॉर्वे आणि आसपासच्या समूहाची. विसाव्या शतकाच्या प्रारंभी तेथे सुमारे १०,००० हंस असावेत असा अंदाज आहे, तर त्याच शतकाच्या अखेरीस जेमतेम काही डझन जोड्या उरल्या होत्या. हा पक्षी दीर्घायुषी असून उशिरा वयात येतो. त्यामुळे एखाद्या वर्षी वीण फसली तरी ती तूट भरून निघते, पण जाणत्या जोडीतला एक पक्षी गेला की अनेक वर्षांची वीण बुडते.

उपग्रह ट्रान्समीटर लावलेल्या पक्ष्यांमुळे एक विलक्षण गोष्ट उघड झाली. ज्या जोडप्यांची पिल्ले जगतात, ती पिल्लांसोबत थांबून विणीच्या जागीच जुनी पिसे टाकतात आणि पुढे हंगेरीतील होर्तोबाजमार्गे ग्रीसच्या केर्किनी सरोवराकडे व एव्हरोस नदीच्या त्रिभुज प्रदेशाकडे जातात. ज्यांची वीण फसते, ते मात्र पिसे टाकण्यासाठी पूर्वेला रशियाच्या आर्क्टिक भागात जातात आणि तेथून ओब नदीचे खोरे व कझाकस्तान असा प्रचंड वळसा घालून ग्रीसला पोहोचतात. हाच वळसा जिवावर बेततो, कारण त्या वाटेवर शिकारीचा धोका कितीतरी जास्त असतो. म्हणजे घरट्यातली पिल्ले वाचली, तर आईबापही सुरक्षित वाटेने जातात. नॉर्वेने विणीच्या भागात तांबड्या कोल्ह्यांची संख्या आटोक्यात ठेवण्याची मोहीम घेतली, तिच्यामागे हाही विचार होता. अर्थात कोल्ह्यांचे खाद्य असलेल्या लेमिंग या उंदरासारख्या प्राण्यांची संख्या वर्षागणिक वरखाली होते आणि भक्षकांचा रोखही तसा बदलतो, त्यामुळे त्या मोहिमेचा वाटा नेमका किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

शिकारबंदीचा कायदाही एकटा पुरत नाही. याचाच थोराड भाऊबंद, म्हणजे ग्रेटर व्हाइट-फ्रंटेड गूज, अनेक देशांत कायदेशीरपणे मारता येतो. डोळ्याभोवतीचे पिवळे कडे आणि कपाळावर वरपर्यंत चढलेला पांढरा पट्टा ही लहान हंसाची खूण हातात धरलेल्या पक्ष्यात स्पष्ट दिसते. पण संधिप्रकाशात उडणाऱ्या मिश्र थव्यात ती कोणाला दिसणार? म्हणून हे हंस जेथे उतरतात, त्या ठरावीक पाणथळ जागी त्या काळापुरती सर्वच हंसांची शिकार थांबवणे मला अधिक परिणामकारक वाटते.

आता आपल्या मूळ सूचनेकडे येतो. स्वीडनने १९८१ पासून ती करून पाहिली. हंसाला स्थलांतराची वाट आईबापांमागून उडत शिकावी लागते, याचाच फायदा घेऊन पिल्ले बार्नाकल गूज जातीच्या पालकांकडे सोपवली गेली आणि ती ग्रीसऐवजी नेदरलँड्सला जाऊ लागली. शिकारीचा धोका टाळण्याची ही युक्ती खरोखर कल्पक होती आणि तो थवा टिकलाही. परंतु पाळीव साठ्यात थोराड भाऊबंदाची जनुके मिसळल्याचे आढळल्यावर ती पिल्ले सोडणे थांबवावे लागले, आणि पुढे रशियातील वन्य वंशाचे पक्षी वापरले गेले. ज्यांनी जुनी वाट अजून लक्षात ठेवली आहे, असे वन्य हंस नॉर्वेत शिल्लक असताना त्यांच्यात असे पक्षी मिसळण्याचा धोका पत्करणे मला पटत नाही. ते थवे संपलेच, तर गोष्ट निराळी.