गोठ्याचं दार लाकडी करावं की लोखंडी? मजबूत कसं होईल?

तुम्ही वसईला म्हशींचा गोठा बांधताय, दार ५ फूट रुंद हवंय आणि फॅब्रिकेटर म्हणतोय, "लाकडाच्या भानगडीत पडू नका, पत्र्याचं करून देतो, आयुष्यभर बघायला नको." हे वाचलं आणि लिहायलाच बसलो, कारण हेच वाक्य मी घरात ऐकलेलं आहे. मी सुतार, वडीलही सुतार, जोगेश्वरीला आमचं काम चालतं. आणि माझे भावोजी फॅब्रिकेशनवाले.

आरे कॉलनीत ओळखीच्या एका दूधवाल्याचा गोठा आहे. त्याला पारडांच्या कप्प्याला दार करून हवं होतं. आरेत बिबट्या नवीन नाही, राष्ट्रीय उद्यानाचं जंगल अगदी लागूनच. मोठ्या म्हशीच्या वाटेला तो सहसा जात नाही, पण पारडू, शेळी, कुत्रं त्याला सोपं पडतं. मी लाकडी दार सांगितलं, भावोजींनी अँगलचा सांगाडा आणि पत्रा. त्यांचा भाव कमी, काम झटपट, दूधवाला तिकडे वळला. काम चालू असताना मी गेलो तर दार लटकू नये म्हणून देतात ती तिरकी पट्टी उलट्या अंगाने लावलेली आणि बिजागऱ्या जुन्या लाकडी चौकटीवर नुसत्या स्क्रूने मारलेल्या. मी बोललो. भावोजी चिडले. वडील मला बाजूला घेऊन म्हणाले, जावई माणूस आहे, तू गप्प बस.

पाऊस सरेपर्यंत दाराचं मोकळं टोक दोन बोटं खाली आलं. चौकट भिजून स्क्रू सैल झाले होते, दार जमिनीला घासत होतं. रात्री लावायचं म्हणजे खांद्याने उचलून ढकलायचं. पहाटे दूध काढायला उठणारा गडी रात्री हे किती दिवस करेल? सरकेल तेवढं सरकवायचं आणि वर सुतळीने बांधायचं, असं सुरू झालं. त्या फटीतून बिबट्याने एक पारडू नेलं. सकाळी मी पाहिलं, पत्र्यावर साधा ओरखडा नव्हता. भावोजी आजही म्हणतात, "दार तुटलं का? नाही ना? मग दाराचा काय दोष?"

दोष दाराचाच. दमलेल्या गड्याला ते एका हाताने लावता आलं पाहिजे. तुम्ही "मजबूत" म्हणताय ते जाडीने होत नाही, दार लटकलं नाही पाहिजे. लटकण्याचं कारण फळीत नसतं, ते बिजागरी, चौकट आणि तिरकी पट्टी या तिघांत असतं.

तिरक्या पट्टीचं खालचं टोक बिजागरीच्या बाजूला आणि वरचं टोक कडीच्या बाजूला. मोकळ्या टोकाचं वजन पट्टीतून उतरतं, खालच्या बिजागरीवर येतं आणि भिंतीत जातं. उलटी लावली की तेच वजन पट्टीला ओढायला लागतं. लाकडाचा सांधा दाब झेलतो. ओढ आली की सगळं खिळ्यांवर येतं आणि खिळे सुटतात. पट्टीची टोकं आडव्या पट्ट्यांत खाच पाडून बसवा. खाच आडव्या पट्टीच्या अगदी शेवटाला नको, दीड-दोन इंच आत घ्या, नाहीतर शेवटचा तुकडा चिरून निघतो. आरेत नंतर मी केलेलं दार असंच आहे: सव्वा इंची फळ्या, मागे तीन आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये दोन तिरक्या. खिळे पलीकडून वाकवून ठोकलेले. बिजागऱ्या लोहाराकडून करून घेतलेल्या, लांब पट्टीच्या, आडव्या पट्ट्यांतून आरपार नट-बोल्टने कसलेल्या. ५ फुटांचं एकच झडप करू नका. शंभर किलोच्या आसपास जातं आणि तिरकी पट्टी फार आडवी पडते, आडवी पडली की तिचा उपयोग कमी. दोन झडपा करा.

चौकट भिंतीत होल्डफास्टने, म्हणजे चौकटीला जोडून भिंतीत गाडायच्या लोखंडी पट्ट्यांनी, काँक्रीटमध्ये धरलेली हवी. ओळंबा लावून बघा, चौकट झुकली असेल तर चांगलं दारही आपोआप उघडतं किंवा मिटतं. दार बाहेर उघडणारंच करा. आत म्हैस दाराला टेकून बसली किंवा पडली तर आत उघडणारं दार तुम्हाला उघडताच येणार नाही. उघडल्यावर भिंतीला अडकवायला हूक ठेवा, वाऱ्याने आपटून बिजागऱ्या जातात. कडी बाहेरून आणि जनावराच्या तोंडाला येणार नाही अशी. म्हशी जिभेने खिट्टी सरकवतात. मी तरी वर जाड लाकडी अडसर देतो.

लाकूड नवं सागवान परवडणार नाही. मुंबईत जुन्या चाळी पाडल्या की तुळया निघतात, त्यात बर्मा सागवान सापडतं. रे रोडला जुन्या लाकडाच्या दुकानांतून फिरा, पण करवतीखाली घालण्याआधी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेले खिळे असतात. लाकूड रुंदीत फुगतं. आपल्याकडे २,००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस. मे महिन्यात फळ्या घट्ट भिडवल्यात तर जुलैत दार चौकटीत अडकणार. दोन फळ्यांत दोन-तीन मिलिमीटर सोडा. खालून दोन इंच मोकळं ठेवा, शेण-मूत साचून फळीचं तोंड कुजतं. ते तोंड बसवण्याआधीच प्रायमरने नीट भिजवा. जळकं ऑइल फासू नका, जनावर चाटतं. आणि पूर्ण बंद दार करू नका, मुताच्या वाफेने पारडांना खोकला लागतो. वरच्या भागात गज लावून आतून जाळी मारा, आणि दार व छप्पर यांच्यामध्ये फट राहिली असेल तर तीही बंद करा.

लोखंडाबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेल्ड पूर्ण असेल तर लोखंडी सांगाड्यात उलटी पट्टीही चालते, लोखंड ओढ झेलतं. पट्टी पातळ असेल तर उलटीच बरी, कारण दाबाखाली ती वाकते. आरेच्या दाराला वेल्डिंगचे नुसते टाके मारले होते, ते सुटले. शिवाय वसईची खारी हवा आणि गोठ्यातलं मूत, पत्रा खालच्या दुमडीतून आधी सडतो. तरी लोखंडीच करायचं असेल तर वेल्ड पूर्ण घ्या, खालची दुमड पाणी निथळेल अशी ठेवा आणि बिजागऱ्या स्क्रूवर मारू देऊ नका. तुमचा फॅब्रिकेटर "चालतं हो" म्हणाला तर त्याच्यासमोरच झडपेच्या मोकळ्या टोकाला लोंबकळून बघा.